मीठ तिचं औषध आहे, ताई

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. थोरली मुलगी 21 वर्षांची. पोलीस भरतीच्या तयारीसाठी नाशिकला मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. एप्रिलमध्ये दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून गोल्फ क्लब मैदानावर पळायला गेली आणि तिथेच कोसळली. मिनिटभर शुद्ध नव्हती. दवाखान्यात पोटॅशियम 2.3 आणि मॅग्नेशियम 1.1 निघालं, बीपी 94/60. ईसीजीत क्यूटी लांबलाय असं लिहिलं आहे, 492. पुढच्या तपासण्यांनंतर ‘गिटेलमन सिंड्रोम’ असं निदान झालं. किडनीचा जन्मजात आजार आहे म्हणाले.

किडनी म्हटल्यावर घरात सगळ्यांनी हाय खाल्ली. सासूबाईंनी तिचं मीठ तोडलं. लहानपणापासून ती मिठाचे खडे चोरून खायची, त्यामुळेच हे झालं असं सगळे म्हणतात. पोटॅशियमचं औषध 15 मिली दिवसातून चार वेळा, मॅग्नेशियमच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन सुरू आहे. तरी महिन्याने पोटॅशियम 3.0च आलं. डायलिसिस लागेल का? हृदयाला काय झालंय? तिची भरती बुडाली का? माझ्या नणंदेने तिच्या मुलासाठी हिला मागणी घातली आहे, त्यांना काय सांगू? मी माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणून दोष माझ्यावर येतो. धाकटा मुलगा 15 वर्षांचा आहे. मुलगी सध्या घरी आहे. रात्री दोन-तीनदा उठून मी तिची नाडी बघते.

उत्तर :

ताई, बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळपासून तिच्या ताटात मीठ परत वाढा. भाजीत, आमटीत, ताकात, वर लोणचं आणि पापडही. सासूबाईंना माझं नाव सांगा. त्यांनी मायेपोटीच मीठ तोडलं, आणि किडनीच्या बहुतेक आजारांत त्यांचं बरोबरही ठरलं असतं. या आजारात मात्र मीठ तोडणं म्हणजे गळक्या हौदाचा नळ बंद करणं.

आणि डायलिसिसचं. या आजारात किडन्या निकामी होणं फार क्वचित घडतं. रक्त गाळायचं काम तिच्या किडन्या उत्तम करतात. त्यामुळे ज्या भीतीने घर हादरलंय ती चुकीच्या जागची भीती आहे. काळजी घ्यायची आहे ती हृदयाच्या ठोक्याची. उत्तरात मी तिथेच जास्त वेळ घेणार आहे.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं, मिठासकट, परत रक्तात ओढून घेतात. बाहेर जाते ती दीड-दोन लिटर लघवी. हे ओढून घेणं बारीक नळ्यांमध्ये टप्प्याटप्प्याने होतं. शेवटाकडच्या एका टप्प्यावर मीठ परत घेणारं एक प्रथिन असतं, तेच तुमच्या मुलीत जन्मापासून नीट काम करत नाही. अमेरिकेतले डॉक्टर हिलेल गिटेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली या आजाराचं वर्णन केलं, आणि कोणतं जनुक बिघडलेलं असतं ते 1996 साली सापडलं. साधारण 40,000 माणसांत एकाला हा आजार असतो, म्हणून तुमच्या गावात कुणी ऐकलेला नसणार. पण त्याचं सोंग तुम्ही पाहिलेलं असेल. घरातल्या कुणा वडीलधाऱ्याला बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइडची गोळी असेल, तर ती गोळी नेमकं हेच प्रथिन बंद पाडते. तुमची मुलगी जन्मल्यापासून, एक दिवसही न चुकता, ती गोळी घेतल्यासारखी जगते आहे.

आता ते मिठाचे खडे आठवा. पोरगी कैरीला मीठ लावून खाते, चिंच खाते, बरणीत हात घालते, आणि आपण ओरडतो. तिच्या अंगातून रोज मीठ वाहून जात होतं आणि शरीर ते मागत होतं. खड्यांमुळे आजार झाला नाही. आजार होता म्हणून खडे लागत होते. हे तिला एकदा तुमच्या तोंडून कळू द्या. वीस वर्षं बोलणी खाल्ली आहेत तिने.

मीठ जातं तेव्हा त्याच्यासोबत पाणी जातं आणि रक्ताचं आकारमान थोडं कमी पडतं. शरीर हे ओळखतं आणि बचावासाठी दोन संप्रेरकं वाढवतं, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन. अल्डोस्टेरॉन मीठ वाचवायला धावतं, पण त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडतं. पोटॅशियम इथूनच गळतं. स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळीवर बीपी नि हृदयविकार लिहिलेलं वाचून तुम्ही दचकला असाल. तिला ती अल्डोस्टेरॉनला अडवण्यासाठी दिली आहे. त्या गोळीने आणखी थोडं मीठ जातं, म्हणून ती चालू असताना मीठ तोडणं दुप्पट चूक.

रक्तवाहिन्यांची गोष्ट मला स्वतःला या आजारात सगळ्यात विलक्षण वाटते. अँजिओटेन्सिन हे धमन्या आवळणारं रसायन. ते वाढलं की सर्वसाधारण माणसाचा रक्तदाब चढतो, वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर धमन्यांच्या भिंती जाड होतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. उच्च रक्तदाबात हृदयाची जी हानी होते त्यात त्याचा मोठा हात असतो. तुमच्या मुलीच्या रक्तात ते वाढलेलं आहे, आणि बीपी 94/60! तिच्या धमन्या त्या हाकेला पुरेसा प्रतिसादच देत नाहीत. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातले संशोधक अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत, ते यासाठीच. उच्च रक्तदाब समजून घ्यायचा तर त्याचं आरशातलं उलटं रूप या माणसांत दिसतं.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की 94/60 हे तिचं नेहमीचं बीपी आहे, त्याला अशक्तपणा म्हणून टॉनिक नको. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसावं, उन्हात पाण्याबरोबर मीठही पोटात जावं, एवढं सांभाळा. उतारवयात काही रुग्णांचं बीपी वाढतं, तेव्हा बीपी मोजणं तिने कायमचं सोडू नये.

आता हृदय. हृदयाची पेशी प्रत्येक ठोक्याला विजेने पेटते आणि पुढच्या ठोक्याआधी तिला परत मूळ पदावर यावं लागतं. हे परत येणं होतं ते पोटॅशियम पेशीतून बाहेर पडून. रक्तात पोटॅशियम फार कमी असलं की त्याचे दरवाजे नीट उघडत नाहीत आणि पेशी मूळ पदावर यायला उशीर लागतो. ईसीजीवर हा वेळ ‘क्यूटी’ म्हणून मोजतात. बायकांमध्ये हृदयाचा वेग हिशेबात धरून साधारण 460 मिलिसेकंदांपर्यंत ठीक मानतात आणि 500च्या पुढे धोका बराच वाढतो. तिचा 492 होता, म्हणजे काठावर. या लांबलेल्या वेळात एखादा अवेळी ठोका पडला तर खालचे कप्पे वेडेवाकडे धडधडू लागतात, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतो. बहुतेक वेळा ताल आपोआप सावरतो. कधी सावरत नाही. या आजारात अचानक मृत्यूच्या घटना फार थोड्या, पण नोंदल्या गेलेल्या आहेत, म्हणून मी हे लपवून ठेवत नाही.

मात्र हा दोष हृदयाच्या मांसात नाही, झडपांत नाही, धमन्यांतल्या अडथळ्यांत नाही. तिचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला असेल तर बहुधा नॉर्मलच आला असेल. क्षार सावरले की क्यूटी आखडतो. म्हणून आत्ता, पोटॅशियम 3.0 असताना, ईसीजी पुन्हा काढा. पत्रात दुसऱ्या ईसीजीचा उल्लेख नाही, तो झाला नसेल तर या आठवड्यातच करून घ्या. शिवाय ती बेशुद्ध पडली होती, तेव्हा 24 तासांचा होल्टरही, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावून घ्यावा. तो लावून घरी येता येतं, झोपता येतं, घरातली कामंही करता येतात.

एप्रिलमध्ये काय झालं असावं ते सांगतो. उलट्या-जुलाबांनी आधीच कमी असलेलं पोटॅशियम-मॅग्नेशियम आणखी खाली गेलं. मेडिकलमधून कोणत्या गोळ्या घेतल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा वेळी आपल्याकडे काय मिळतं ते मला ठाऊक आहे. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, जंतूंसाठी अॅझिथ्रोमायसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन. यातली प्रत्येक गोळी क्यूटी लांबवू शकते. रिकाम्या पोटी, रिकाम्या क्षारांवर ती पळाली. तिला किंवा मैत्रिणींना दोष देऊ नका. तुम्हाआम्हाला तशाच गोळ्या घेऊन सहसा काही होत नाही.

यापुढे मात्र औषधांचं भान कायमचं ठेवायचं आहे. घशासाठी अॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन नको, लिव्होफ्लॉक्सॅसिन नको. गजकर्णावर किंवा पांढरं जाण्यावर फ्लुकोनॅझोल विचारल्याशिवाय नको. अॅसिडिटीसाठी जी पँटोप्राझोल-डॉमपेरिडॉनची कॅप्सूल घरोघरी डब्यात असते, ती तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी वाईट: पँटोप्राझोल बरेच दिवस घेतलं तर मॅग्नेशियम उतरतं आणि डॉमपेरिडॉन क्यूटी लांबवतं. दम्याच्या पंपातलं किंवा वाफेतलं साल्ब्युटामॉल पोटॅशियम खाली ओढतं. जीव वाचवायला लागलंच तर द्यावं, पण देणाऱ्याला आजार माहीत हवा. आणि आजीच्या बटव्यातलं ज्येष्ठमध! खोकल्याला आपण सहज चघळायला देतो, काढ्यात घालतो. ज्येष्ठमध अल्डोस्टेरॉनसारखंच काम करून पोटॅशियम घालवतं. ते तिला अजिबात देऊ नका. गावाकडे ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावू’ म्हणतात, तेही जपून. नुसत्या ग्लुकोजचं सलाईन चढवलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ढकललं जातं. तिला सलाईन लागलंच तर मिठाचं, आणि पोटॅशियम किती मिसळायचं हे रक्ताचा अहवाल बघून, मॉनिटर असलेल्या ठिकाणी ठरवावं.

पोटॅशियम 3.0च का, हा तुमचा प्रश्न. जगभरातल्या तज्ज्ञांनी या आजारासाठी एकत्र बसून जे ठरवलं आणि 2017 साली प्रसिद्ध केलं त्यात पोटॅशियमचं लक्ष्य 3.0 आणि मॅग्नेशियमचं साधारण 1.46 मिलिग्रॅम एवढंच धरलं आहे. अहवालाच्या कागदावर 3.5 ही खालची हद्द छापलेली असते, त्यामुळे तिच्या आकड्याखाली लाल रेघ येणारच. औषध ओतून 4 गाठायला गेलं तर पोट बिघडतं, जुलाब होतात आणि होतं नव्हतं तेही निघून जातं. एक महिन्यात 2.3वरून 3.0 ही चांगली वाट आहे. मॅग्नेशियमचा आकडा तुम्ही दिला नाही, तो मागून घ्या. मॅग्नेशियम खाली असलं की किडनीतला पोटॅशियमचा दरवाजा उघडा राहतो, मग वरून किती ओता. गोळ्या एकदम न घेता जेवणाबरोबर तीन-चार वेळा विभागून घेतल्या तर जुलाब कमी होतात. पोटॅशियमचं औषधही जेवणानंतर आणि भरपूर पाण्यात मिसळून.

शहाळं आणि केळं द्या, पण त्यांच्या भरवशावर औषध कमी करू नका. तिच्या औषधाच्या 15 मिलीत जवळजवळ दोन मध्यम केळ्यांइतकं पोटॅशियम असतं, म्हणजे दिवसाची आठ केळी झाली. शिवाय तिला पोटॅशियमबरोबर क्लोराइडही हवं असतं, ते औषधात आहे, केळ्यात फारसं नाही. शेंगदाणे, तीळ, राजगिरा, भोपळ्याच्या बिया यांत मॅग्नेशियम चांगलं असतं. उपवास करायचा तर हे सगळं खाऊन करू दे. निर्जळी मात्र नाही, हरितालिकेचीसुद्धा.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून सांगतो. बागेत मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडतात आणि लांबून दिसतात. मण्यात पाणी उतरायला लागलं की पोटॅश कधी, किती द्यायचं हे तुम्ही पानदेठ परीक्षणावर ठरवता, शेजाऱ्याच्या सांगण्यावर नाही. मुलीचं पान पिवळं पडत नाही. कधी बोटं वाकडी होतात, ओठांभोवती मुंग्या येतात, पिंडऱ्यांत गोळे येतात, आणि पुष्कळदा काहीच कळत नाही. तिचं पानदेठ परीक्षण म्हणजे रक्ततपासणी. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला, बरं वाटत असतानाही. (आणि शेडमधलं पोटॅश हे औषध नव्हे. कुणी सांगितलं तरी ते घरात आणू नका.)

भरतीचं उत्तर देताना मला जड जातंय. 800 मीटर एकदा पळणं कदाचित तिला जमेलही. पण आज नाही. क्षार दोन-तीन महिने एका जागी टिकू देत, ईसीजी आणि होल्टर साफ येऊ दे, मग हृदयाच्या डॉक्टरांसमोर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालता-पळताना ईसीजी काढायची तपासणी, होऊ दे. काही रुग्णांमध्ये श्रमाच्या वेळी हृदयाच्या आकुंचनाचा जोर हवा तेवढा वाढत नाही असं आढळलं आहे, ते ईसीजीत झोपून दिसत नाही. तोवर चालणं, सूर्यनमस्कार, हलकं जॉगिंग, तेही सोबतीने. विहिरीत किंवा कालव्यावर एकटीने पोहणं बंद. मला काळजी आहे ती धावण्याहून नोकरीची. 2027च्या सिंहस्थात नाशिकला बंदोबस्तावर उभं राहणं काय असतं याची कल्पना करा: दहा-बारा तास, ऊन, पाण्याची बाटली कुठे, जेवण कधी, औषधाच्या चार वेळा कुठल्या. माझं मत असं की तिने अभ्यास चालू ठेवावा आणि लेखी परीक्षेवरच्या, बैठ्या कामाच्या जागा आजपासूनच बघायला लागाव्या. निर्णय तिचा. तो तिला घेऊ द्या आणि टीएमटीच्या वेळी डॉक्टरांना हा प्रश्न तिलाच विचारू द्या. आणि आजार लपवून मैदानी चाचणीला उभी राहू नको, एवढं तिला माझ्याकडून बजावून सांगा.

नणंदेचं स्थळ. इथे मी आडपडदा ठेवत नाही: तपासणीशिवाय हो म्हणू नका. हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. तुम्ही दोघं मामाची मुलगी आणि आतेचा मुलगा, एकाच आजा-आजीकडून तीच प्रत दोघांकडे आली असण्याची शक्यता मोठी. नणंदेच्या मुलाकडेही ती असण्याची शक्यता किमान चारात एक. असली, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. आधी मुलीच्या जनुकाची तपासणी करून दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं, मग त्या मुलाच्या रक्तात तेवढंच बघायचं. त्याच्याकडे नसेल तर या आजारापुरती अडचण संपली. नात्याबाहेरच्या मुलाशी लग्न झालं तर मुलांना आजार होण्याची शक्यता बरीच कमी. होणाऱ्या नवऱ्याला मात्र आधी सांगा. गरोदरपणात पोटॅशियम-मॅग्नेशियमची गरज वाढते, स्पायरोनोलॅक्टोन त्या काळात चालत नाही, तेव्हा दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावं लागेल. असे संसार व्यवस्थित होतात, फक्त नवऱ्याला माहीत हवं.

दोष तुमच्यावर येतो म्हणता. बिघडलेली एक प्रत तुमच्याकडून आली तशी दुसरी तिच्या वडिलांकडून आली, त्याशिवाय आजार होतच नाही. तुम्हा दोघांचं एकेक चांगलं जनुक काम करत राहिलं, म्हणून तुम्हाला कधी काही जाणवलं नाही. उलट, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हृदयाच्या पाहणीत, मीठ परत ओढणाऱ्या या आणि अशा जनुकांची एकच बिघडलेली प्रत असलेल्या लोकांचा रक्तदाब सरासरीने कमी असल्याचं 2008 साली दिसलं. घरात कुणी पुन्हा बोललं तर हे सांगा.

धाकट्याचं पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट एकदा तपासून घ्या. त्यालाही आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. तोही मीठ जास्त मागतो का, रात्री लघवीला उठतो का, ते डॉक्टरांना सांगा.

मुलीच्या पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी कायम असू द्या: “मला गिटेलमन सिंड्रोम आहे. पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी असते. क्यूटी लांबतो. आधी ईसीजी काढा. क्यूटी लांबवणारी औषधे देऊ नका.” खाली आत्ताची औषधं आणि तुमचा नंबर. तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणींना ही चिठ्ठी दाखवून ठेवा. उलट्या-जुलाब झाले आणि औषध पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात पोटॅशियम आणि ईसीजी. दुसऱ्या दिवसाची वाट नको. छातीत फडफड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पायांतली ताकद गेली, तर 108.

आणि रात्रीची नाडी. ताई, नाडी बघून क्यूटी कळत नाही. तुमचं बोट मनगटावर असलं तरी ते 460 आहे की 490 हे सांगू शकत नाही, ते कागदच सांगतो. ती औषध घेऊन, पोटभर जेवून झोपली असेल तर तुम्हीही झोपा. तिलाही रात्री मनगट धरून कुणी बसलेलं जाणवत असणार. सकाळी चहाबरोबर एवढंच विचारा: पहिला डोस झाला का?